पांढऱ्या पाण्याचं कोण आहे?

"पांढऱ्या पाण्याचं कोण आहे? अहो, पांढऱ्या पाण्याचं! लवकर आत या."

सिस्टर दारात उभी राहून ओरडली तेव्हा बाकांवर, जिन्यावर आणि भिंतीला टेकून मिळून चाळीसेक माणसं बसली होती. कोपऱ्यातली एक पस्तिशीची बाई अर्धी उठली. शेजारी तिचे सोयरे बसले होते, त्यांच्याकडं तिनं एकदा बघितलं, पदर तोंडावर ओढला आणि दाराकडं न येता जिना उतरून गेली. मी आत खुर्चीवर होते. मला सगळं ऐकू आलं होतं. मी पुढचा केसपेपर हातात घेतला.

ती परत आली तेव्हा दीड वर्ष गेलं होतं. आता अंगावरून रक्त जात होतं आणि कंबर धरली होती. तपासताना हाताला जे लागलं त्यावरूनच मला कळलं. तुकडा तपासून आलेल्या रिपोर्टनं फक्त शिक्का मारला. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग, बराच पुढं गेलेला. मी डॉक्टरी आवाजात तिला दटावलं, "इतके दिवस का थांबलीस? तेव्हाच का आली नाहीस?"

"आलते की बाई," ती म्हणाली. "तुम्हीच तर समद्या गावाला सांगितलंत."

लातूर जिल्ह्यातल्या निलंगा तालुक्यात आणि आसपास मी तीस वर्षं डॉक्टरकी केली, आधी नोकरीत आणि मग स्वतःच्या दवाखान्यात. त्या तीस वर्षांत माझ्यावर झालेला हा सगळ्यात मोठा आरोप आहे आणि तो खरा आहे. म्हणून हा लेख मी आधी माझ्यावर आणि मग माझ्या व्यवसायातल्या सगळ्यांवर लिहिते आहे. निलंगा, औसा, देवणी, उदगीर, तिकडं देगलूर, नांदेड, सगळीकडचे डॉक्टर, सिस्टर, लॅबवाले, मेडिकलवाले यात आले. रुग्णाचं गुपित आम्ही फोडतो. रोज फोडतो, मोठ्या आवाजात फोडतो, आणि त्याला कामाची घाई म्हणतो.

यावर मला एकच उत्तर मिळत आलं आहे. "मॅडम, आपल्याकडं कुठं काय लपतं? गावात सगळ्यांना सगळं माहीत असतं. हे खासगीपण वगैरे पुण्या-मुंबईचं."

हे उत्तर निर्लज्ज आहे. खासगीपणाची खरी गरज असेल तर ती निलंग्यात आहे. मुंबईच्या माणसाचा आजार फुटला तर त्याला दुसऱ्या उपनगरात बिऱ्हाड हलवता येतं, नोकरी बदलता येते, शेजाऱ्यांना त्याचं नावही ठाऊक नसतं. इथल्या माणसानं जायचं कुठं? त्याचं शेत इथं आहे, सोयरीक इथं आहे, किराण्याची उधारी इथं आहे. लेकीचं लग्न इथल्याच पाहुण्यांत व्हायचं आहे. ज्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात त्या गावात डॉक्टरचं तोंड बंद असणं हाच रुग्णाचा एकमेव आडोसा असतो. तो आम्ही काढून घेतला की माणसं आमच्याकडं येणं सोडतात. कुणी सीमा ओलांडून बिदरला जातं, कुणी हैदराबाद गाठतं, कारण तिथं कुणी ओळखीचं भेटत नाही. ज्याच्याकडं गाडीभाडं नसतं ते अंगावर काढतं.

आजार गावाला कळला की काय होतं याचा धडा लातूर जिल्ह्यानंच दिलेला आहे. औसा तालुक्यात हासेगावला रवी बापटले यांनी एचआयव्हीबाधित मुलांसाठी सेवालय उभं केलं. २००९ मध्ये ती मुलं गावच्या शाळेत बसू लागली तेव्हा गावकऱ्यांनी विरोध केला आणि आपली पोरं शाळेतून काढून घेतली. शेजारी बसून, पाटीला पाटी लागून एचआयव्ही होत नाही हे तेव्हाही पुस्तकात छापलेलं होतं. गावानं पुस्तक वाचून निर्णय घेतला नाही. गावाला फक्त एवढं माहीत होतं की ही मुलं कोण आहेत. त्यासाठी कुणी जाहिरात दिली नव्हती, तरी त्यांचा आजार त्यांच्याआधी शाळेत पोचला होता.

आता कायदा आहे. एचआयव्ही आणि एड्सबाबतचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. माणसाच्या संमतीशिवाय त्याची एचआयव्हीची स्थिती उघड करायला त्यानं मनाई केली. आणि तरी मी या डोळ्यांनी पाहिलं आहे: खाटेच्या पायथ्याशी टांगलेल्या कागदावर लाल शाईनं काढलेलं वर्तुळ, बाळंतिणीच्या फाईलवर मोठ्या अक्षरात लिहिलेली खूण, आणि ती खूण वाचून लांबूनच ताट सरकवणारी मावशी. कोणत्या दवाखान्यात हे मी सांगणार नाही, कारण त्या एका दवाखान्याला नावं ठेवून बाकीचे सुटतील. ज्यांनी अशी खूण कधी केली असेल त्यांना हे वाचताना आपली खाट आठवेल.

डॉक्टरांना नियम माहीत नाहीत असं मला कुणी सांगू नये. वैद्यकीय परिषदेची २००२ ची आचारसंहिता आम्ही सगळ्यांनी नोंदणी करताना स्वीकारलेली आहे. रुग्णाकडून कळलेली गोष्ट डॉक्टरनं उघड करायची नाही, असं तिच्यात स्वच्छ लिहिलं आहे. अपवाद मोजकेच: न्यायालयाचा आदेश, एखाद्या ठरावीक माणसाला किंवा समाजाला असलेला गंभीर धोका, आणि सरकारला कळवणं बंधनकारक असलेले आजार. सासूला कळवणं, सरपंचाला कळवणं, मेडिकलच्या काउंटरवर गप्पांत सांगणं त्यात बसत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमतानं सांगितलं की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर २०२१ मध्ये महाराष्ट्रानं शुश्रूषागृहांचे नियम सुधारले आणि प्रत्येक खासगी रुग्णालयात रुग्णहक्कांची सनद लोकांना दिसेल अशी लावणं सक्तीचं केलं. जन आरोग्य अभियानासारख्या संघटनांनी त्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता. त्या सनदेत गुप्तता आहे, तपासणीच्या वेळचा आडोसा आहे, पुरुष डॉक्टर बाईला तपासत असताना दुसरी बाई हजर असण्याचा हक्क आहे. मी पाहिलेल्या सनदांपैकी एक कॅलेंडरच्या मागं होती, एक औषधांच्या कपाटानं अर्धी झाकलेली होती. एक इतक्या बारीक अक्षरात छापलेली होती की चष्मा लावूनही मला ती वाचता आली नाही. तपासणीला माणूस आला तर दाखवायला भिंतीवर कागद आहे, एवढाच त्या सनदेचा उपयोग आम्ही केला.

एप्रिल २०२० कुणी विसरू नये. त्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात लातूर जिल्ह्यातले पहिले कोरोना रुग्ण आमच्या निलंग्यातच सापडले. हरियाणातून आंध्रकडं निघालेली १२ माणसं इथल्या मशिदीत थांबली होती. त्यांच्यातल्या ८ जणांचे अहवाल पॉझिटिव्ह आले. त्यांची तपासणी करणं, त्यांना वेगळं ठेवणं, संपर्कातली माणसं शोधणं हे सगळं गरजेचं होतं. पण त्या दिवसांपासून आजाराला नाव, गल्ली आणि धर्म चिकटला. पुढच्या महिन्यांत माझ्या मोबाईलवर याद्या येत राहिल्या. पूर्ण नाव, वय, गल्ली, घरातल्या माणसांची संख्या, कधी फोन नंबरसुद्धा. असे कागद सरकारी यंत्रणेतूनच निघू शकत होते. ८ एप्रिल २०२० रोजीच केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं सूचना काढली होती की बाधितांची किंवा विलगीकरणात असलेल्यांची नावं, ओळख, त्यांचा परिसर समाजमाध्यमांवर पसरवू नका. ती सूचना आणि त्या याद्या एकाच ग्रुपवर, एकाखाली एक आलेल्या मी पाहिल्या आहेत. त्या ग्रुपवर डॉक्टर होते. मीही होते. कुणी एकानंही "हे काढून टाका" असं लिहिलं नाही.

नंतर २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं तबलिगी जमात या मुस्लिम धार्मिक संघटनेच्या विदेशी पाहुण्यांवरचे कोरोनाकाळातले गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवल्याची शक्यता दिसते, असं निकालात नोंदवलं. ९ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय रुग्णाच्या दारावर कागद डकवता येणार नाही. न्यायालयं बोलेपर्यंत इथं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. लोक ताप लपवू लागले. चार दिवस क्रोसिनवर काढून, ऑक्सिजन सत्तरीला आल्यावर, रात्रीच्या अंधारात जीपमधून आणलेली माणसं मी पाहिली. गल्लीत कळू नये म्हणून ती उशिरा आणली होती. त्या याद्यांनी माणसं मारली आहेत, असं मी पूर्ण जबाबदारीनं म्हणते.

आणि ही सवय कोरोनानं लावलेली नाही. सरकारी दवाखान्यात कुणाच्याही वाढदिवसाला जाऊन बघा. पांढऱ्या कपड्यातले आठ-दहा कार्यकर्ते वॉर्डात शिरतात. सलाईन लावलेल्या म्हाताऱ्याच्या हातात केळं आणि सफरचंद ठेवतात, त्याला उठवून बसवतात, मोबाईल काढतात. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पानावर बातमी असते, 'वाढदिवसानिमित्त रुग्णांना फळे वाटप', आणि फोटोत त्या म्हाताऱ्याचा चेहरा, गळ्यातली नळी, कधी उघडी छाती. बाळंतिणींच्या वॉर्डातसुद्धा हे होतं. बारा तासांपूर्वी टाके घातलेली पोर पदर सावरत बसते आणि परके पुरुष तिच्या खाटेभोवती उभे राहून फोटो काढतात. ज्या डॉक्टरनं त्यांना आत सोडलं तो वैद्यकीय अधिकारी आहे, वॉर्डाचा मालक नाही. फळं द्यायची असतील तर ती सिस्टरकडं देऊन जावीत. वॉर्डात कॅमेरा घेऊन येणाऱ्याला दारावर अडवायचा अधिकार आम्हाला आहे. आम्ही तो वापरत नाही, कारण उद्या बदलीसाठी त्याच माणसाच्या दारात जायचं असतं.

क्षयरोगाचं तर विचारू नका. ९ सप्टेंबर २०२२ पासून निक्षय मित्र योजना सुरू झाली. दात्यांनी क्षयरुग्णांना पोषणाचा आहार पुरवायचा, ही कल्पना चांगली आहे. क्षयातून उठायला औषधाबरोबर पोषणही लागतं. योजनेत रुग्णाची संमती आवश्यक ठेवलेली आहे. पण संमती मदत घेण्याची असते, ओळीत उभं राहून फोटो काढून घेण्याची नसते. मी एका अशा कार्यक्रमाला पाहुणी म्हणून गेले होते. पाठीमागं फलक, फलकावर क्षयरोगाचं नाव, पुढं तेल-डाळीची पिशवी हातात धरलेल्या अकरा जणांची रांग आणि त्या रांगेत विशीची एक मुलगी. तिनं मान खाली घातली तर फोटोग्राफर तिला वर बघायला सांगत होता. औषध नीट चालू झालं की काही आठवड्यांत बहुतेकांचा संसर्ग पसरणं थांबतं आणि काही महिन्यांत माणूस पूर्ण बरा होतो. तो फोटो बरा होत नाही. त्या मुलीकडं पाहुणे बघायला येतील तेव्हा कुणीतरी मोबाईल काढून तो दाखवील. मी त्या दिवशी उठून तो फोटो थांबवायला हवा होता. मी थांबवला नाही.

आता कॅमेऱ्यांकडं येते, कारण इथं लातूरचं नाव थेट जोडलं गेलं आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुजरातेत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या सीसीटीव्हीची चित्रफीत बाहेर आली. खाटेवर तपासून घेणाऱ्या, इंजेक्शन घेणाऱ्या बायकांची दृश्यं यूट्यूबवर आमिषासारखी टाकून टेलिग्रामवर पैसे घेऊन विकली जात होती. अहमदाबादच्या सायबर पोलिसांनी जे पकडले त्यांत एक लातूरचा होता, एक सांगलीचा. तेव्हा इथं सगळे त्या पोरांवर थुंकले, आणि थुंकावंच. पण मला दुसरा प्रश्न पडला. बाईला तपासायच्या खोलीत कॅमेरा लावला कुणी? तो त्या पोरांनी नव्हता लावला.

माझे सहकारी म्हणतात, मारहाण होते म्हणून कॅमेरे लावतो. मारहाण होते हे खरं आहे. नातेवाइकांनी फोडलेल्या काचा मी वेचलेल्या आहेत. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे आणि त्याची अंमलबजावणी दुबळी आहे, हेही खरं. म्हणून कॅमेरा दारावर लावा, जिन्यात लावा, पैसे घेण्याच्या खिडकीवर लावा. तपासणीच्या खाटेवर कोणता नातेवाईक काच फोडायला येतो? आणि लावणारा कोण, तर बाजारातल्या दुकानातला पोरगा. तो कॅमेऱ्याबरोबर आलेला पासवर्ड बदलत नाही आणि जाताना ते ॲप 'टेस्टिंगसाठी' आपल्या मोबाईलवर ठेवून जातो. माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरला मी विचारलं, तुमचे कॅमेरे कोणकोणत्या मोबाईलवर दिसतात? त्यांना माहीत नव्हतं. डॉक्टरसाहेब, तुमच्या खाटेवर झोपणारी प्रत्येक बाई तुमच्या भरवशावर झोपते. ज्याला आपला कॅमेरा कोण बघतो हे माहीत नाही त्यानं बायकांना तपासू नये.

बाईच्या बाबतीत तर आम्ही तिचं शरीरच तिचं मानत नाही. तिचा रिपोर्ट नवऱ्याच्या मोबाईलवर जातो. तिच्या सोनोग्राफीचं सासूला समजावून सांगितलं जातं आणि ती खाटेवर छताकडं बघत पडलेली असते. "घरचं कुणी आहे का सोबत?" हा आमचा पहिला प्रश्न. शस्त्रक्रियेच्या कागदावर सही नवऱ्याची. सज्ञान, शुद्धीवर असलेल्या बाईच्या शस्त्रक्रियेला नवऱ्याची सही कोणत्या कायद्यात लागते ते मला कुणीतरी दाखवावं. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं समीरा कोहली खटल्याचा निकाल दिला. दुर्बिणीनं तपासायला संमती दिलेली बाई बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईचा होकार घेऊन डॉक्टरांनी तिचं गर्भाशय काढलं होतं. न्यायालयानं सांगितलं, तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे, आणि जिवाला तातडीचा धोका नसताना आईचा होकार चालत नाही. आमच्याकडं सासूचा चालतो.

गर्भपिशवी काढण्याच्या धंद्याची मुळं इथंच आहेत. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ऊसतोड बायकांची पाहणी झाली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या समितीनं तो विषय हाताळला, नियम कडक झाले. लातूरच्या गावांतूनही कोयते बांधून बायका कारखान्यांकडं जातात आणि अंगावरून जाणाऱ्या पाण्याची, पाळीची, पाठदुखीची तक्रार घेऊन त्याच खुर्चीसमोर बसतात. त्यातल्या किती जणींना कुणी दार लावून, शांतपणे सांगितलं असेल की गोळ्यांनी बघू, आणखी एक तपासणी करू, पिशवी काढली तर पुढं काय काय होईल? दार लावून बोलायला दहा मिनिटं लागतात. 'कॅन्सर होईल' हे दारातून सांगायला दहा सेकंद पुरतात. भीती मोठ्या आवाजात घालता येते. खरी संमती हळू आवाजातच घ्यावी लागते.

आणखी एक गोष्ट आहे, ती लिहिताना मला राग आवरत नाही. अल्पवयीन मुली. आमच्या भागात बालविवाह होतात, आणि लग्नावाचूनही पोरी गरोदर राहतात. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पोक्सो कायद्यात डॉक्टरनं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, म्हणून अनेक डॉक्टर अशा मुलीला दारातूनच परत पाठवतात, "झंझट नको" म्हणून. काही जण तर उलट करतात. मुलगी बाकावर रडत बसलेली असताना तिच्यादेखत ठाण्यात फोन लावतात आणि नाव-गाव-शाळा सगळं सांगून मोकळे होतात. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं यावर वाट दाखवलेली आहे. संमतीच्या संबंधातून राहिलेल्या गर्भाच्या बाबतीत मुलीनं आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर पोलिसांना कळवताना डॉक्टरनं तिची ओळख देण्याची गरज नाही. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीनं बाईचं नाव उघड करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद केली. मी गेल्या वर्षी सहा डॉक्टरांना सर्वोच्च न्यायालयाच्या त्या निकालाबद्दल विचारलं. एकाला माहीत होता. डॉक्टरनं परत पाठवलेली पोरगी घरी बसत नाही, कुण्या दाईकडं किंवा मेडिकलवरून आणलेल्या गोळ्यांकडं जाते. मग रक्त थांबत नाही म्हणून रात्री आमच्याकडंच आणतात. तेव्हा आम्ही तिला विचारतो, आधी का आली नाहीस.

सरकारला मी सोडणार नाही. शंभर-दीडशे रुग्णांची ओपीडी एका खोलीत, एका टेबलावर दोन डॉक्टर, मध्ये पडदा नाही, आणि तिथं डॉक्टरनं गुप्तता पाळावी अशी अपेक्षा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्यानं सरकारी दवाखान्यांतले उपचार मोफत केले, ते योग्यच केलं. गर्दी वाढली, खोल्या वाढल्या नाहीत. मग त्याच वर्षी ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबरला नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण रुग्णालयात २४ तासांत २४ माणसं गेली, त्यात १२ नवजात बाळं होती. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. ३ ऑक्टोबरला एका खासदारानं तिथल्या प्रभारी अधिष्ठात्यांना कॅमेऱ्यासमोर संडास धुवायला लावलं. महाराष्ट्रभरचे डॉक्टर पेटून उठले आणि ते उठणं रास्त होतं. एका माणसाचा मान चार लोकांसमोर काढून घेतला की काय वाटतं ते आम्हाला त्या दिवशी नेमकं कळलं. तेच आम्ही आमच्या बाकावर बसलेल्या माणसाला रोज करतो. त्याच्यासाठी कुणी संप करत नाही.

आता संगणक आला आहे. नोंदणीच्या खिडकीवर पोरगा म्हणतो, "मोबाईल द्या, ओटीपी सांगा," आणि म्हातारी मोबाईल त्याच्या हातात देते. आरोग्याच्या नोंदींचा हा आभा क्रमांक कशासाठी, तिची माहिती कुठं जाणार, ती नाही म्हणू शकते का, हे तिला कुणी सांगत नाही. आभा ऐच्छिक आहे. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा म्हणतो की संमती मागताना सूचना मराठीतही मिळण्याची सोय हवी. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्सची संगणक यंत्रणा सायबर हल्ल्यानं कित्येक दिवस बंद पडली होती. एम्सला जे राखता आलं नाही ते तालुक्याच्या खिडकीवरचा कंत्राटी पोरगा राखील, असं मी मानत नाही. पण या संगणकाच्या भीतीआड आम्ही लपू नये. निलंग्यात आजवर जेवढी गुपितं फुटली त्यांतली बहुतेक कुठल्या हल्लेखोरानं फोडलेली नाहीत, ती आमच्या तोंडानं फुटली आहेत.

वेळ नाही, जागा नाही, हे माझंही रडगाणं होतं. ती बाई "तुम्हीच सांगितलंत" म्हणाली त्यानंतरच्या आठवड्यात मी बाजारातून कापड आणलं, तार ओढली आणि खाटेभोवती पडदा लावला. बाकं दारापासून दहा फूट मागं सरकवली. केसपेपरवर नंबर टाकायला सुरुवात केली आणि सिस्टरला सांगितलं, नंबर पुकारायचा, आजार नाही. बाईचा रिपोर्ट बाईच्याच हातात, पाकिटात. नवरा आला तर त्याला सांगायचं, तिला विचारा. याला एक पैशाचं अनुदान लागलं नाही, कुठलाही शासननिर्णय लागला नाही. पहिल्या महिन्यात दोन नवरे भांडून गेले. तिसऱ्या महिन्यात ज्या बायका कधीच आल्या नव्हत्या त्या येऊ लागल्या. ही गोष्ट माझ्या पंधरा वर्षांच्या नोकरीत कुणीही करायला सांगितली नव्हती आणि मलाही सुचली नव्हती. एका बाईचा आजार हाताबाहेर गेल्यावर सुचली.

निलंगा, औसा, उदगीरच्या सगळ्या डॉक्टरांना माझी मागणी आहे. येत्या सोमवारी ओपीडी सुरू करण्याआधी तपासणीच्या खोलीतला कॅमेरा काढा. मग दारात उभं राहून ऐका, तुमची सिस्टर कुणाला कशानं हाक मारते.

आणि तुम्ही, जे बाकावर बसता त्यांना सांगते. केसपेपरवर लिहिलेलं तुमचं आहे. लेखी मागितलं तर ७२ तासांत तुमची कागदपत्रं द्यायला डॉक्टर बांधील आहे. वॉर्डात कुणी फोटो काढायला लागलं तर नाही म्हणा, फळं परत करा. आणि कुणी दारात उभं राहून तुमचा आजार ओरडला, तर जिना उतरून जाऊ नका. आत या, दार लावून घ्या, आधी डॉक्टरला सांगा की मला माझ्या नावानं बोलवायचं. मग दुखणं सांगा.